मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमालकांस खुले पत्र

कोल्हापूर शहर व जिल्ह्यात मोटार दुरुस्तीचे गॅरेज चालविणारे मालक, फोरमन व मिस्त्री मंडळी यांस,



आपणांपैकी सारेच माझ्या परिचयाचे नाहीत. तरी ज्यांच्या हातांवर भरवसा ठेवून आम्ही वाहनधारक आपल्या कुटुंबीयांना घाटरस्त्यांवर नेतो ते आपणच आहात, आणि म्हणूनच एका गॅरेजने माझ्या गाडीचे जे नुकसान केले, व त्याहूनही गंभीर गोष्ट म्हणजे ते नुकसान ज्या रीतीने माझ्यापासून लपवून ठेवले, त्याची हकीकत त्या एका मालकाशी भांडून संपविण्याऐवजी आपणा सर्वांपुढे मांडावी, असे मी पुष्कळ विचारांती ठरविले आहे. त्या गॅरेजचे नाव मी येथे लिहीत नाही. त्याविषयीची दाद जेथे मागावयाची तेथे मी मागणारच आहे. शिवाय ज्या ज्या परिचितांजवळ मी हा विषय काढला त्यांतील बहुतेकांनी आपापली अशीच एखादी कहाणी ऐकविली, तेव्हा हा दोष एका दुकानाचा नसून धंद्यात रुळलेल्या एका सवयीचा आहे, अशी माझी खात्री झाली.

पावसाळा तोंडावर आला असता नेहमीच्या सर्व्हिसिंगसाठी मी गाडी त्या गॅरेजात दिली. इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर बदलणे, ब्रेक पाहणे, वायपरची रबरे बदलणे, एवढेच काम होते. जॉब कार्ड लिहून मागितले तेव्हा, "तुमची गाडी आम्हाला पाठ आहे, लिहायचं काय त्यात?" असे उत्तर मिळाले. सायंकाळी गाडी धुऊनपुसून परत आली, पैसे चुकते झाले, आणि मी निश्चिंत झालो. पुढे काही दिवसांनी माझ्या थोरल्या बहिणीला घेऊन मी रत्नागिरीहून कोल्हापुरास परतत होतो. साखरपा मागे पडून आंबा घाटाची चढण लागली होती, पावसाची झड आणि धुके यांमुळे पुढचे वळण दिसेनासे झाले होते, अशा वेळी समोर ऑइलच्या किटलीचा तांबडा दिवा लागला. वळणावर थांबावे तर मागून मालट्रकांची रांग चढत होती. म्हणून वळण संपताच जी पहिली रुंद जागा मिळाली तेथे मी गाडी घेतली व इंजिन बंद केले. तेवढ्या अल्प अवधीतच आतून धातूवर धातू आदळल्याचा आवाज सुरू झाला होता. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी अधू झालेली माझी बहीण त्या घाटात अंधार पडेपर्यंत बसून राहिली.

साखरप्याहून एक मिस्त्री आला. भर पावसात रस्त्यावर पोते अंथरून तो गाडीखाली शिरला, बॅटरीच्या उजेडात त्याने हात फिरविला, आणि बाहेर येऊन म्हणाला, "साहेब, चेंबरच्या बोल्टाचे आटे गेलेत. वरून एमसील थापलंय." त्याने मला खाली वाकवून तो करडा लेप दाखविला. ऑइलच्या उष्णतेने व इंजिनाच्या थरथरीने तो एका अंगाने सुटला होता आणि तेथून ऑइल झिरपत झिरपत जवळजवळ सारे वाहून गेले होते. गाडी टोचन करून न्यावी लागेल, इंजिन उघडल्याशिवाय कोणी चालू करू नये, असे त्याने बजावले. मी देऊ केलेल्या पैशांतून त्याने रास्त तेवढेच घेतले, आणि बहिणीला कोल्हापुरास नेण्यासाठी ओळखीची एक गाडीही त्यानेच थांबविली. आपल्याच व्यवसायातील हा मनुष्य आहे, हे मी मुद्दाम नमूद करतो.

आता थोडा तांत्रिक मजकूर. आपणांस तो सांगण्याची गरज नाही. परंतु हे पत्र वाहनधारकही वाचतील, आणि नेमके काय बिघडले हे समजल्यावाचून त्यांना माझ्या तक्रारीचे मर्म कळणार नाही. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठविणारे जे चेंबर असते ते पूर्वीच्या गाड्यांत बहुधा पोलादी पत्र्याचे असे. अलीकडील अनेक गाड्यांत ते ॲल्युमिनियमचे ओतीव असते, आणि त्याच्या तळाचा ड्रेन बोल्ट मात्र पोलादाचाच असतो. पोलादाचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत गरजेपेक्षा अधिक जोराने पिळला, की बोल्टाला काही होत नाही, आटेच सोलून निघतात. बहुतेक लहान गाड्यांत हा बोल्ट ३० ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळावयाचा असतो. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत छापलेला असतो, आणि तो मोजून देणारा टॉर्क रेंच बाजारात सहज मिळतो. बोल्टाखालचे मऊ धातूचे वायसर प्रत्येक वेळी नवे घालावयाचे असते. ते दहा-वीस रुपयांचे वायसर वाचविले, की जुन्या चपट्या वायसरातून ऑइल पाझरते. ते थांबावे म्हणून मिस्त्री पान्यावर आणखी भार देतो. पुढच्या खेपेस आणखी. आणि अखेर एके दिवशी आटे हातात येतात. माझ्या गाडीचे असेच झाले असावे, असे इंजिन उघडणाऱ्या कारागिराचे मत पडले.

ऑइल गेल्यावर आत काय होते तेही सांगतो. क्रँकशाफ्ट आणि तिची बेअरिंगे यांच्यामध्ये केसाहूनही बारीक असा ऑइलचा थर दाबाखाली खेळत असतो, आणि मिनिटाला हजारो फेरे घेणारे ते धातू परस्परांना न स्पर्शता फिरतात ते केवळ या थराच्या आधारावर. तो तुटला की काही क्षणांतच बेअरिंगे खरवडली जातात व क्रँकवर ओरखडे उठतात. तांबडा दिवा ऑइल किती उरले हे सांगत नाही. दाब नाहीसा झाला म्हणजे तो लागतो, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो. ज्याच्या हातून आटे गेले त्याला, निदान ज्याने त्यावर लेप थापला त्याला, हे सारे ठाऊक असलेच पाहिजे.

माझी खरी तक्रार येथे सुरू होते. आटे गेले, याबद्दल मी कोणावर रागावलेलो नाही. लोखंडाशी नित्य झुंजणाऱ्या हातांकडून कधी एखादा बोल्ट तुटणार, एखादी क्लिप मोडणार, हे मी जाणतो. गेलेल्या आट्यांवर उपायही आहेत: भोक वाढवून मोठ्या मापाचा बोल्ट बसविता येतो, आट्यांत नवी बुश घालता येते, आणि त्यांतले काहीच साधले नाही तर नवे चेंबर मिळते. त्या दिवशी मालकाने मला दूरध्वनी करून "चेंबरचे आटे गेले आहेत, गाडी दोन दिवस राहू द्या" एवढे सांगितले असते, तर नव्या चेंबरचे पैसेही कदाचित मी कुरकुर न करता दिले असते. त्याऐवजी गाडी धुतली गेली, चाकांना काळा रंग लावला गेला, डॅशबोर्ड चकचकीत पुसला गेला, आणि तळाशी तो लेप थापलेला असताना "एकदम ओके आहे" असे म्हणून किल्ली माझ्या हाती ठेवण्यात आली. ते तीन शब्द मला आंबा घाटात आठवले, आणि आजही ते आठवले म्हणजे मन क्षुब्ध होते. कारण त्या गाडीत माझ्या बहिणीच्या जागी एखादे तान्हे मूल असते, किंवा इंजिन त्या वळणावरच जाम होऊन मागचा ट्रक येऊन आदळला असता, तर लेप थापणाऱ्याला त्याची वार्ताही कधी कळली नसती.

गाडी टोचन करून आणल्यावर मी मालकास भेटलो. प्रथम त्यांनी सांगितले की वाटेत कोठेतरी खालून दगड लागला असेल. चेंबरवर दगडाची खूण नाही हे दाखविल्यावर, गाडीच जुनी आहे, असे ते म्हणाले. लेप दाखविल्यावर तो पूर्वी कोणी लावला असेल, अशी शंका त्यांनी काढली, परंतु त्यांच्याच कारखान्यात नुकतेच ऑइल बदलले गेले होते आणि तो बोल्ट काढल्यावाचून ते बदलणे शक्य नव्हते, हे निदर्शनास आणताच त्यांनी अखेरची कैफियत दिली: "पोऱ्यानं केलं. त्याला मी कामावरून काढून टाकलंय."

या अखेरच्या वाक्याने मला सर्वांत अधिक दुःख झाले. तो पोरगा मी पाहिला होता. मिसरूड फुटू लागलेला, तेलकट शर्टातला, मला खुर्ची पुसून देणारा. त्याला टॉर्क रेंच कोणी दिला होता? दुरुस्ती-पुस्तिकेतला आकडा त्याला कोणी वाचून दाखविला होता? आटे गेल्यावर तो फोरमनकडे गेला असता तर शिव्या आणि पगारातून कपात यांखेरीज त्याच्या पदरी काय पडले असते? ज्या कारखान्यात चूक कबूल करणाऱ्यास शिक्षा होते आणि लपविणाऱ्यास सायंकाळी सुखाने घरी जाता येते, तेथे पोरे लपविण्यासच शिकणार. चाकराने धन्याच्या कामात केलेल्या कसुराची जबाबदारी धन्याकडे येते, हे तत्त्व कायद्यालाही मान्य आहे आणि आपल्या वडीलधाऱ्यांनाही मान्य होते. त्या मुलाला परत कामावर घ्यावे, अशी विनंती मी त्या मालकास तेव्हाही केली व या पत्राद्वारे पुन्हा करतो.

कायद्याचा उल्लेख ओघाने आला आहे, तर त्याविषयी थोडे लिहितो. धमकी देण्याचा हेतू नाही. दुरुस्तीसाठी सोपविलेली वस्तू ही कारागिराच्या ताब्यातील अमानत होय, आणि अशा वस्तूची, सामान्य शहाणपणाचा मनुष्य तितक्याच मोलाच्या आपल्या स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे, असे भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या १५१ व्या कलमात सांगितले आहे. त्याच अधिनियमाचे १७० वे कलम, कारागिराने श्रम व कौशल्य खर्चून काम पुरे केले असेल तर आपला वाजवी मोबदला मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याची मुभा त्याला देते. म्हणजे कायद्याने आपला हक्कही राखला आहे. पुढे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आला. त्यात सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे तीत नुकसान करणाऱ्या निष्काळजीपणाबरोबरच, आवश्यक माहिती ग्राहकापासून हेतुपुरस्सर दडवून ठेवणे हेही अंतर्भूत आहे. ग्राहक आता आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करू शकतो, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत त्याला असते, आणि वकील देणे त्याच्यावर सक्तीचे नाही. आपल्यापैकी काहींच्या पावत्यांवर "गाडीच्या कोणत्याही नुकसानीस आम्ही जबाबदार नाही" अशी ओळ छापलेली असते. स्वतःच्या हयगयीपुढे त्या ओळीची ढाल टिकेल, अशा भ्रमात कोणी राहू नये.

तरीसुद्धा हा प्रश्न केवळ आयोगात सुटावा, असे मला वाटत नाही, आणि याचे कारण कोल्हापूर आहे. ज्या नगरीत बाबूराव पेंटर आणि त्यांचे सहकारी दामले यांनी १९१८ च्या सुमारास चलच्चित्राचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी घडविला, ज्या नगरीच्या उद्यमनगरात भट्ट्या पेटल्या, ऑइल इंजिने तयार झाली, आणि आजही जेथील ओतीव सुटे भाग देशभरातील मोटार कारखान्यांना जातात, ज्या परिसरात बेळगावच्या सायकलच्या दुकानातून निघालेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली व लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या दारी नेला, त्या परिसरातील कारागिराला मापाचे व आट्याचे महत्त्व परक्याने येऊन सांगावे लागू नये. उद्यमनगरातील लेथवर मायक्रोमीटरने शतांश मिलिमीटर मोजणारा कामगार आणि तेथून हाकेच्या अंतरावर केवळ मनगटाच्या अंदाजाने बोल्ट पिळणारा मिस्त्री, हे एकाच गावचे, कधी कधी एकाच घरातले असतात. एकाला मोजण्याची शिस्त आहे आणि दुसऱ्याला ती परवडत नाही असे मानले जाते, ही गोष्ट मला पटत नाही.

आपल्या अडचणी मला ठाऊक नाहीत असे नाही. गाडी सकाळी देऊन दुपारी मागणारे, बिलात घासाघीस करणारे, स्वतः बाजारातून हलका भाग आणून "हाच बसवा" असा हट्ट धरणारे ग्राहक आपण रोज सोसता. कंपन्या नव्या गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना सहजी देत नाहीत. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेली मुले मोठ्या कंपन्यांच्या वर्कशॉपकडे वळतात, आणि आपल्याकडे उरतात ती केवळ पाहून पाहून शिकलेली. परंतु माझ्या गाडीच्या बाबतीत जे घडले ते यांपैकी कोणत्याही अडचणीमुळे घडले नाही. मी घाई केली नव्हती, घासाघीस केली नव्हती, आणि बोल्ट मोजून आवळण्यासाठी कोणत्याही कंपनीच्या गुप्त माहितीची गरज नव्हती.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची विनंती ही, की काम करताना काहीही तुटले, फाटले, सोलले गेले, तर गाडी जागची हलण्यापूर्वी ते वाहनधारकाला सांगावे, आणि कारखान्यात ते प्रथम सांगणाऱ्या कामगारास दंड करू नये. बाकी सारे नियम पाळले आणि हा एक पाळला नाही, तर मला त्या नियमांचे काही मोल वाटणार नाही. दुसरे असे, की गाडी आत घेताना तिच्या स्थितीची नोंद दोघांच्या सहीने व्हावी: किलोमीटरचा आकडा, टाकीतले पेट्रोल, अंगावरचे ओरखडे, आतील वस्तू, आणि ठरलेले काम. असा लेखी दस्तऐवज ग्राहकाइतकाच आपणांसही तारतो. जुना ओरखडा आपल्या माथी मारणारे ग्राहकही मी पाहिले आहेत. कामाची यादी वाढणार असेल तर आधी विचारावे. काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत द्यावेत; सराफ ज्याप्रमाणे सोने ग्राहकाच्या डोळ्यांदेखत तोलतो त्याप्रमाणे हे व्हावे, मागावे लागू नये. चाकांचे नट हवेच्या गनने कडकडून पिळले जातात, ते शेवटी टॉर्क रेंचने तपासावेत. रस्त्यात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या पान्याने ते सुटत नाहीत, आणि एकट्यादुकट्या प्रवाशावर, विशेषतः स्त्रियांवर, त्यामुळे काय प्रसंग ओढवतो याची कल्पना करावी. चाचणीसाठी गाडी बाहेर नेली तर ती चाचणीपुरतीच न्यावी. आणि पक्के बिल द्यावे, ज्यात ऑइलचा प्रकार व प्रमाण लिहिलेले असेल. सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून २०१९ च्या त्या अधिनियमातच गणली आहे.

त्या विशिष्ट गॅरेजमालकास, ते हे पत्र वाचतील तर, एवढेच सांगणे आहे. चेंबर, बेअरिंगे, क्रँकचे ग्राइंडिंग आणि मजुरी यांच्या पावत्या मी आपणांस नोटिशीसोबत रजिस्टर पोस्टाने पाठविल्या आहेत. टोचनाच्या गाडीचा खर्च त्यात आहे, माझ्या वा बहिणीच्या मनस्तापापोटी एक रुपयाही मी मागितलेला नाही. नोटिशीची मुदत संपेपर्यंत आपण चर्चेस बोलाविले तर मी येईन. न बोलाविल्यास तक्रारअर्ज तयार आहे.

आणि उरलेल्या आपणा सर्वांस: गाडी ताब्यात घेताना भरावयाच्या एकपानी नोंदपत्राचा मराठी नमुना मी तयार केला आहे. त्यात शेवटी "काम करताना झालेले नुकसान" असा एक स्वतंत्र रकाना ठेवला आहे, जो रिकामा असला तरी "काही नाही" असे लिहून त्यावर फोरमनची सही घ्यावी, अशी योजना आहे. आपल्या संघटनेच्या एखाद्या बैठकीस बोलावलेत तर तो घेऊन मी हजर राहीन, आपले आक्षेप ऐकून त्यात दुरुस्त्या करीन, आणि पहिल्या छपाईचा खर्च मी सोशीन. त्या सभेस साखरप्याच्या त्या मिस्त्रीलाही बोलवावे, अशी माझी इच्छा आहे.



आपला,
कोल्हापूरचा एक वाहनधारक